गणपती खंय बसयतलास?

एप्रिलमधली गोष्ट. सकाळचे साडेअकरा वाजलेले, बाहेर असं ऊन की घरापुढच्या खळ्याकडे डोळे उघडून बघवत नव्हतं, आणि आम्ही वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावात (नाव लिहीत नाही, एजंट लोकांनी आधीच तिथले भाव चढवून ठेवलेत) एका जुन्या चिऱ्याच्या घराच्या माजघरात उभे होतो. आत शिरल्या शिरल्या गार वाटलं, म्हणजे एसीतलं गार नाही, माठाला हात लावल्यावर वाटतं तसलं. वर दोन काचेची कौलं बसवलेली, त्यातून उन्हाचे दोन चौकोन जमिनीवर पडलेले आणि त्यात धूळ तरंगत होती. नवऱ्याने खिशातून मेजर टेप काढली. माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडायची, ओपन किचन करायचं, ओटा एल शेपचा, खिडकीतून माड दिसले पाहिजेत, असं सगळं त्याचं आदल्या रात्री लॉजवर झोपायच्या आधीच ठरलं होतं. टेपचं एक टोक मी भिंतीला धरलेलं. एजंट खळ्यात फोनवर दुसऱ्याच कुणाला तरी दुसरंच कुठलं तरी घर विकत होता. घर विकणाऱ्या दोन भावांपैकी धाकटा मुंबईहून आला होता, तो दारात उभा. आणि त्याची म्हातारी काकी, जिच्याकडे घराची चावी असते, ती उंबऱ्यावर बसून पदराने वारा घेत आमचं मोजमाप बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली,

"गणपती खंय बसयतलास?"

मी म्हणलं, आमचा ठाण्याला असतो, मोठ्या दिरांकडे, दीड दिवसाचा. ती "हां" म्हणाली. धाकट्या भावाने मोबाईल खिशात टाकला आणि गाडी नीट लागलीय का ते बघायला बाहेर गेला, गाडी मगाचपासून आंब्याखाली नीटच लागलेली होती. नवरा म्हणाला "तीन मीटर चाळीस" आणि मी टेप सोडली, ती सर्रकन त्याच्या हातात गेली. बस, एवढंच झालं. पण परतीच्या गाडीत, मग घरी, मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलेली असताना ते वाक्य मधेच वर यायचं, आपण काहीतरी चुकीचं उत्तर दिलंय असं वाटायचं, आणि बरोबर उत्तर काय होतं ते काही सुचायचं नाही.

आता या घर बघण्याच्या भानगडीत आम्ही पडलो कसे ते सांगते. आम्ही डोंबिवलीचे. पंचवीस वर्षं वन बीएचके, मग टू बीएचके, मग त्या टू बीएचकेच्या खिडकीसमोर उभा राहिलेला बावीस मजल्यांचा टॉवर. मुलगी शिकायला बाहेर गेली, मला आठवड्यातून चार दिवस घरून काम, नवऱ्याने व्हीआरएस घेतलेली. रात्री जेवणं झाली की हा रिल्स बघत बसायचा, कौलारू घर, खळ्यात तुळशी वृंदावन, मागे पखवाज, पुढे "येवा, कोकण आपलाच आसा". मी हसायचे. मग एके दिवशी मीच एक बघितलं, पूर्ण बघितलं, आणि खाली दिलेल्या नंबरवर मेसेज टाकला. तिथून सुरू झालं. ठाण्याहून मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडायची, सकाळी उशिरा कुडाळला उतरायचं, तिथून एजंटच्या गाडीत. हायवेने पण दोनदा गेलो, त्याबद्दल काही लिहीत नाही, बीपी वाढतं.

दीड वर्षात चौदा घरं बघितली. मालवणात समुद्राच्या बाजूला बघायला गेलो तर जे घर म्हणून दाखवलं ते आधीच होमस्टे होतं, सहा खोल्या, सहा गीझर, आणि मालक म्हणे पर्यटनाचा जिल्हा आहे साहेब, भाव तसाच राहणार. देवगडला एका कलमांच्या बागेत घर होतं, अप्रतिम, पण विकणाऱ्याला घरापेक्षा हापूसचंच कौतुक, तीनशे कलमांचा हिशोब सांगत बसला, आणि फवारणीचा खर्च ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला. आंबोलीकडे जावं म्हणलं तर लोकांनीच सांगितलं की बाबांनो, तिथे आधी कबुलायतदार गावकर जमिनींच्या मालकीचा प्रश्न समजून घ्या मग या, आणि तो समजून घ्यायला एक जन्म पुरणार नाही. दोडामार्गला एका डोंगरउतारावरचं इतकं आवडलं होतं, इतकं, पण सात-बाऱ्याच्या इतर हक्कात वनसंज्ञा, म्हणजे कागदावर जंगल. शिवाय हत्ती. एजंट म्हणाला हत्ती रोज नाही येत. त्याच्या त्या "रोज"वर आम्ही आठवडाभर हसत होतो. आणि मधेमधे बंगलो प्लॉट. लाल मातीत जेसीबीने पायऱ्या पाडून डोंगराचा केक केलेला, गेटवर दोन सिमेंटचे माड (खरे माड तोडून), ऑफिसात थंडगार कोकम सरबत आणि "एनए आहे मॅडम, डोळे झाकून घ्या". मी डोळे उघडे ठेवून घेतलं नाही.

एनएचं, म्हणजे बिनशेती जमिनीचं, एवढं कौतुक का, तर शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी पाहिजे, १९४८ च्या कुळकायद्याचं ६३ कलम. इथे आमची गंमत अशी की नवऱ्याच्या नावावर खटाव तालुक्यात वडिलोपार्जित जमिनीत सामायिक हिस्सा आहे, वाटणी झालीच तर त्याच्या वाट्याला एक कॉट मावेल एवढं रान यावं. ज्या माणसाला कढीपत्त्याची कुंडी जगवता येत नाही तो सरकारदरबारी पक्का शेतकरी आहे. आणि ती काकी, जी अजून पावसाळ्यात दुसऱ्याच्या भाताच्या कुणग्यात उकिडवी बसून तरवा म्हणजे रोपं काढते, तिचं नाव सात-बाऱ्यावर एकोणीस नावांत सतराव्या नंबरला, तेही स्पेलिंग चुकलेलं म्हणजे काना-मात्रा चुकलेलं.

हो, एकोणीस नावं. पंधरा रुपयात डिजिटल सही केलेला सात-बारा मोबाईलवर येतो हे मला फार भारी वाटलं होतं, उघडून बघेपर्यंत. सात-बाऱ्यावर माणसं मरत नाहीत हो. आजोबा १९७४ ला गेलेले, ते हजर. त्यांचे दोन भाऊ, हजर. एकाला मूलबाळ नाही असं भावकी म्हणते, पण वकील म्हणाले भावकी काय म्हणते ते मला नको, वारस तपास पाहिजे. घर ज्या जमिनीवर उभं ती सगळ्यांच्या नावावर, घराची ग्रामपंचायतीतली असेसमेंट मात्र थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर, कारण घरपट्टी तो भरतो. विहीर तीन घरांत सामायिक. मागच्या कुंपणातला फणस आणखीन चौथ्याच घराचा, म्हणजे जमीन आपली, झाड त्यांचं, फणस उतरवायला ते येणार, आणि खाली पडलेल्या पानांचं काय ते दोघांनी बघून घ्यायचं. खळ्यातून पलीकडच्या वाडीत जायची वहिवाट, कागदावर कुठेच नाही, पण शंभर वर्षं लोक जातायत. एजंटच्या भाषेत या सगळ्याला क्लिअर टायटल म्हणतात. आणि मग आत्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांच्या बरोबरीचा, जो असायलाच पाहिजे, माझं त्याबद्दल काही म्हणणंच नाही, पण बेळगावात राहणारी ब्याऐंशी वर्षांची आत्या सही देईना. पैसे जास्त हवेत म्हणून नाही. तिने भाच्याला फोनवर विचारलं म्हणे, की माहेर विकलं तर मी मेल्यावर माझी साडी कुठून येणार. त्यावर तो काय बोलणार. दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला मी नंतर फोन करतो.

हे मला धाकट्या भावानेच सांगितलं. सांगताना हसत होता. मीही हसले, आणि मग रात्री झोप लागेना, कारण मला आमचं आजोळ आठवलं.

आमचं आजोळ संगमेश्वरकडचं. आईच्या वडिलांचं. मी कॉलेजात असताना ते विकलं, कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली, म्हणजे १९९८ च्या सुमाराचं. चार मामा, चौघेही मुंबई-पुण्यात, शाकारायला कोण जाणार, कौलं कोण चाळणार, वाळवी कोण बघणार, एकदाचं विकून टाका. आईने सही केली. तिच्या वाट्याला जे काही आलं त्यातून घरात फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आलं आणि मला मनगटी घड्याळ. मला घर गेल्याचं काडीचं दुःख झालं नव्हतं, घड्याळाचा आनंद झाला होता, हे अगदी खरं सांगते. ज्याने घेतलं तो कोण, कुठला, त्याची बायको त्या न्हाणीघराच्या काळोखाला घाबरली का, मागच्या दाराची कडी उचलून मग ओढावी लागते हे त्यांना कुणी सांगितलं का, आमच्या घरात कुणी एकदाही विचारलं नाही. आईने विचारलं असेल, मनात. ते मशीन सुरू झालं की ती त्याच्यासमोर उभी राहायची, गोल काचेतून कपडे फिरताना बघत. आम्हाला वाटायचं तिला मशीनचं अप्रूप आहे.

तर काकी. एप्रिलमध्ये निघताना तिने मला बाजूला घेऊन एकच सांगितलं होतं, "पावसात येवन बघ गो, मगे काय तां ठरव." दीड वर्षात एकाही एजंटने हे सांगितलं नव्हतं, सगळे ऑक्टोबर ते मे दरम्यानच घरं दाखवतात. म्हणून जुलैच्या सुरुवातीला मी दहा दिवसांची सोय केली, गावातच एका ओळखीच्या घरी एक खोली घेतली, लॅपटॉप घेतला आणि गेले. नवरा चार दिवसांनी येणार होता.

पहिल्या दिवशी मी पडवीत खुर्ची टाकून पाऊस बघितला. दुसऱ्या दिवशीही बघितला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आता पाऊसच मला बघतोय. कुठेच जात नाही तो. पत्र्यावर, कौलांवर, केळीच्या पानावर, माडाच्या चुडतांवर, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि सगळे आवाज चोवीस तास. पडवीला समुद्राच्या बाजूने झडी बांधलेल्या, पूर्वी चुडतांच्या असायच्या, आता निळं प्लास्टिक, ते वाऱ्याने रात्रभर फडफडायचं, झोपेत मला वाटायचं कुणीतरी चादरी झटकतंय. वलणीवरचे कपडे चार दिवस वाळले नाहीत, मग चुलीच्या वरच्या दांडीवर टाकले आणि माझ्या ऑफिसच्या कुर्त्यांना धुराचा वास लागला, अजून जात नाही. चामडी पर्सवर तीन दिवसात हिरवट मखमल आली. मीठ पाझरून पाण्यासारखं झालं. लाईट सोमवारी दुपारी गेली ती बुधवारी संध्याकाळी आली, नेटवर्क टॉवरची बॅटरी संपेपर्यंत होतं मग तेही गेलं, आणि माझा एक मोठा कॉल बुडाला, मॅनेजरला पटेना की भारतात अजून असं होतं. रात्री मेणबत्तीत जेवताना भिंतीवरून काहीतरी सरकलं. काय ते बघायला मी उठले नाही. फुरसं असतं तर ते दगडाखाली असतं, भिंतीवर चढत नाही, असं घरवाल्या म्हणाल्या. याने मला बरं वाटणं अपेक्षित होतं.

आणि तरीही. चौथ्या दिवशी सकाळी तासभर उघडीप झाली, मी बाहेर पडले, गडग्यांवर शेवाळ इतकं हिरवं की ते रंगवल्यासारखं खोटं वाटत होतं, व्हाळ धो धो वाहत होता, आणि मळ्यात बायका डोक्यावर इरलं घेऊन, बऱ्याचजणी खताच्या पिशव्यांची खोळ करून, ओळीने वाकलेल्या. लावणीच्या चिखलाचा एक वास असतो, सडका नाही, गोडसर नाही, कुणीतरी नुकतंच अंघोळ करून बाहेर आल्यासारखा. मी तिथे उभी राहिले आणि मला रडायला आलं, का ते विचारू नका. त्या ओळीत काकी होती. मला बघून तिने हात केला, आणि चिखलाचा तो हात परत चिखलात गेला.

नवरा आल्यावर आम्ही परत घर बघायला गेलो, या वेळी एका सुताराला घेऊन. एप्रिलमध्ये जे घर गार आणि सुंदर होतं ते आता काळोखं आणि ओलं होतं, माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवलेली, त्यात टप टप, तिन्हींचे सूर निराळे. मे महिन्यात कौलं चाळून घ्यायला हवी होती, ती घेतली नव्हती, विकायचंच आहे तर खर्च कशाला. सुतार शिडीवर चढला, हातोडीच्या दांड्याने एकेक वासा वाजवून बघायला लागला. ठण, ठण, ठण, आणि मग एकदम डब. "हो गेलो." पुढे दोन ठण, मग परत डब. मोठं घर पोकळ वासा ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करायला घेतली होती, कानाने ऐकली पहिल्यांदाच. वाळवीने वरून पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवला होता. चौदा वासे आणि निम्म्या रिपा बदलायच्या, मंगलोरी कौलं परत बसवायची, आणि आधी वाळवीचा बंदोबस्त. त्याने तिथल्या तिथे काकीच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. नवऱ्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि मग बराच वेळ ओपन किचनबद्दल काही बोलला नाही.

विहिरीचं तर मला खरंच वाटेना. भरून वाहत होती, हाताने तांब्या बुडवता येत होता. काकी म्हणाली मे महिन्यात ये, तळ दिसतो. एवढा तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात टँकर कसा लागतो याचं उत्तर घराच्या भिंतीतच आहे, हा जांभा दगड. भोकाभोकांचा, स्पंजासारखा, पाणी पितो आणि खाली सोडून देतो, धरून ठेवत नाही, उतार सगळा समुद्राकडे, झालं. त्याच दगडाचे चिरे काढून घर बांधलं की घर गार राहतं. म्हणजे एकाच दगडामुळे उन्हाळ्यात घर गार आणि विहीर कोरडी.

त्या वाडीत अकरा घरं आहेत. जुलैमध्ये धूर चार घरांतून निघत होता. मी मोजले, करायला दुसरं काही नव्हतंच. १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, रेल्वे आली, २०२१ ला चिपीला विमानतळसुद्धा झाला, पण २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती ती २०११ ला ८,४९,६५१ झाली. सगळ्या देशात माणसं वाढत असताना इथे कमी झाली. हा आकडा मी खूप आधी कुठेतरी वाचला होता आणि तेव्हा मला वाटलं होतं वा, शांत जागा. ती बंद सात घरं बघताना मात्र शांत असं काही वाटलं नाही. कुलपं, कुलपांवर पावसापासून बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि एका दारावर खडूने लिहिलेला मोबाईल नंबर, त्यातले शेवटचे दोन आकडे धुऊन गेलेले.

धाकट्या भावाशी नीट बोलणं झालं ते परत आल्यावर, डोंबिवलीत. कारण तो डोंबिवलीतच राहतो! आमच्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात चहाला भेटलो. त्याचे वडील लालबागला गिरणीत होते, गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे, आणि त्या पगारातून १९६७ ला हे घर उभं राहिलं, एकेक चिरा बैलगाडीने आणून. ८२ च्या संपानंतर वडील गावी परत गेले आणि शेवटपर्यंत त्याच पडवीत बसून राहिले. मुलं मात्र इकडेच. याचा आत्ता वन रूम किचन आहे, मुलगा लग्नाचा झालाय, मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, मुलाला वेगळी खोली आहे का. घराच्या पैशातला वाटा आला की टू बीएचके बघायचा. कुठे, तर त्याने सांगितलेली बिल्डिंग आमच्या खिडकीसमोरचा तोच बावीस मजली टॉवर. मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे आम्ही ज्या टॉवरला कंटाळून त्याच्या घरात जाऊ बघतोय, तो त्याच टॉवरमध्ये यायला ते घर विकतोय. नवरा म्हणाला सरळ अदलाबदल करू ना, एजंटचे दोन टक्के वाचतील. तिघेही हसलो. हसून झाल्यावर कुणालाच पुढे काय बोलायचं ते कळेना, मग त्याने आणखी एक बटाटावडा मागवला.

मग वडा कुस्करत कुस्करत त्याने विचारलं, "एक विचारू का वहिनी, राग मानू नका. चतुर्थीचे पाच दिवस माजघर तेवढं मिळेल का? दरवर्षी? आम्ही जेवणाचं वगैरे काकीकडे बघू, तुम्हाला त्रास नाही होणार."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. एप्रिलमध्ये काकीने तो प्रश्न मला विचारलाच नव्हता. माझ्या मागे दारात हा उभा होता. तिथल्या बोलीत नुसतं "बसयतलास" समोरच्या कुणालाही लागू होतं, मी आपली डोंबिवलीची शहाणी, नजर माझ्यावर आहे म्हणजे प्रश्न मलाच असं धरून चालले, आणि उत्तर पण दिलं, ठाण्याला, दीड दिवसाचा. ती विचारत होती पुतण्याला, की घर देऊन टाकतोस खरा, पण आपला गणपती कुठे बसवणार. आपला, म्हणजे तिचाही. तिचं छोटं घर शेजारी आहे, पण भावकीचा गणपती थोरल्या घरातच, बाकी घरांत वेगळा बसत नाही. माजघराच्या त्या भिंतीवर, जी आम्ही पाडणार होतो, मी धरलेल्या टेपच्या थोडं वर, निळ्या-गुलाबी रंगात काढलेली फुटकी कमान होती, मोर होते, दोन खुंट्या होत्या. मी एप्रिलमध्ये त्याचा फोटोही काढलेला, वॉल आर्ट म्हणून स्टेटसला ठेवलेला. त्या खुंट्यांना माटवी म्हणजे लाकडी रिपांची चौकट बांधतात, तिला कवंडाळं, आंब्याचे टाळे, सुपाऱ्यांचे घड, हरणाची फुलं, आणि त्याखाली तो बसतो. काकी सून म्हणून आली तेव्हापासून.

मी वकिलांना फोन करून विचारलं की असं खरेदीखतात लिहिता येतं का, वर्षातून पाच दिवस. वकील थोडं थांबले आणि म्हणाले, मॅडम, लिहिता काहीही येतं, पण तुम्ही लिहू नका, उद्या तुम्हाला विकायचं झालं तर गळ्यात अडकेल. नवरा म्हणाला तोंडी हो म्हणू या. मी म्हणलं तोंडी हो म्हणायचं आणि भिंत पाडायची? तो म्हणाला भिंत राहू दे. मी म्हणलं मग ओटा? आमचं भांडण झालं, चांगलं दोन दिवस टिकलं. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, आयुष्याची कमाई घालायची आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं राहायचं का. शिवाय गणपती हलवायचा तर आधी देवळात कौल लावावा लागेल, ग्रामदेव रवळनाथ काय म्हणतो बघावं लागेल, हे पण त्याच चहाच्या वेळी कळलं. घरावरची कौलं गळतायत आणि देवाचा कौल मिळत नाही, यात आम्ही कुठे बसतो, असं नवरा म्हणाला. वाक्य चांगलं होतं, भांडणात असल्यामुळे मी दाद दिली नाही.

सध्याची स्थिती अशी. टोकन दिलेलं नाही. आत्याची सही झालेली नाही. सतराव्या नंबरच्या नावाचीही नाही. तिला या सगळ्यात कुणी सही करणार का म्हणून विचारलंसुद्धा नाहीये, मीही नाही, करेलच असं सगळे धरून चाललेत. पैसे एफडीत आहेत. रात्री जेवणं झाल्यावर रिल्स लागत नाहीत, त्याऐवजी हा सुताराचा तो कॅलेंडरचा कागद उघडून बसतो, वाशांचे आकडे परत परत बेरीज करतो, आणि कागदाच्या उलट्या बाजूला मागच्या वर्षीचा सप्टेंबर आहे, त्यात चतुर्थीच्या तारखेला काकीने लाल पेनने गोल केलाय.

परवा तिचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर आहे हेच मला माहीत नव्हतं. मागे पाऊस इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं. आधी माझी मुलगी कशी आहे विचारलं, मग डोंबिवलीत पाऊस आहे का, मग म्हणाली, "पाट दिलंय हां शाळेत."

शाळेत म्हणजे गणपतीच्या शाळेत. तिकडे मूर्ती दुकानातून उचलून आणत नाहीत, घरचा पाट आधी मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा, तो त्या पाटावरच माती चढवतो. पाट दिला की त्या घरचा गणपती धरला. मी विचारलं, कुणाला विचारून दिलात? म्हणजे दोघं भाऊ काय म्हणाले?

"कोणाक इचारूचा? दरवर्षी देतंव तसो दिलो." मग पावसाचा आवाज, आणि मग, "तुमी येतलास मां?"

या वेळी मी विचारून घेतलं, तुमी म्हणजे कोण.

"तुमीच गो. तू नि तुजो घोव. त्येका सांग, येताना ती पट्टी घेवन ये, माटयेची एक रीप कुजली हा, मापान कापूक व्हयी."